जांभोजी आणि मरुभूमीतील शमी

दसऱ्याच्या दिवशी आपण जिची पूजा करतो, त्या शमीलाच राजस्थानात खेजडी म्हणतात. थरच्या वाळवंटात, जेथे पाऊस क्वचित आणि वाळू अपार, तेथे हा काटेरी वृक्ष भर शेतात ताठ उभा असतो. त्याच्यावर कुऱ्हाड चालवू नये, हे तेथील जनांच्या मनावर बिंबविणारे सत्पुरुष म्हणजे जांभोजी.

जांभोजींचा जन्म इ. स. 1451 मध्ये नागौरजवळील पीपासर या गावी झाला. पित्याचे नाव लोहटजी पंवार व मातेचे हंसादेवी. बालपणी ते फारसे बोलत नसत, म्हणून गावकरी त्यांना मुकाच समजत. पुढे सुमारे सत्तावीस वर्षे त्यांनी गाई राखल्या. रानोमाळ हिंडणाऱ्या या गुराख्याला गवत कोठे तग धरते आणि जनावरे उन्हात कोठे विसावतात, हे पुस्तकावाचूनच कळले असावे.

मातापित्यांच्या निधनानंतर त्यांनी घरदार सोडले व समराथल नावाच्या वाळूच्या टेकडीवर वास्तव्य केले. त्या सुमारास मारवाडात भीषण दुष्काळ पडला. अन्नपाण्यावाचून हवालदिल झालेले लोक गुरे हाकीत परमुलखाची वाट धरू लागले. जांभोजींनी त्यांना धान्य पुरवून थोपवून धरले, अशी परंपरा आहे. इ. स. 1485 मध्ये त्यांनी आपला पंथ स्थापन केला. त्याचे नियम एकोणतीस. वीस आणि नऊ म्हणून अनुयायी बिश्नोई झाले, असे बहुतेक जण मानतात. प्राणिमात्रांवर दया करावी आणि हिरवे झाड तोडू नये, हे त्यांतील दोन नियम. दुष्काळात भुकेला मनुष्य प्रथम झाडावरच हात टाकतो. तेव्हा हा नियम पाळणे सोपे नव्हते.

या नियमामागील लाभ आज मृदाशास्त्र उलगडून सांगते. खेजडीची मुळे फार खोल जातात व तेथील पाणी आणि क्षार वर आणतात. तिची पाने गळून कुजली, म्हणजे ते क्षार वरच्या मातीस मिळतात. ती द्विदल कुळातील असल्यामुळे तिच्या मुळांवरील गाठींतले जंतू हवेतील नत्र मातीत आणू शकतात. सावलीत बसलेल्या गुरांचे शेण तेथेच पडते. बोरीसारखी झुडपेही वाऱ्याबरोबर वाहणारी बारीक माती अडवून धरतात. म्हणून खेजडीखालील जमिनीत नत्र, स्फुरद, पालाश व सेंद्रिय द्रव्ये उघड्या वाळूपेक्षा अधिक आढळतात. तिची सावलीही विरळ असल्यामुळे बाजरी तिच्याखाली खुरटत नाही, उलट बहुधा जोमाने वाढते. शिवाय पाला गुरांना आणि सांगरी नावाच्या शेंगा माणसांना मिळतात, त्या वेगळ्याच.

जांभोजींनी इ. स. 1536 मध्ये देह ठेवला. बिकानेरजवळील मुकाम येथे त्यांची समाधी आहे. बिश्नोई लोक मृतांचे दहन न करता त्यांना मातीत पुरतात. त्यामुळे चितेसाठीही लाकूड लागत नाही.

जांभोजींच्या पश्चात सुमारे दोनशे वर्षांनी त्यांच्या नियमाची कठोर परीक्षा झाली. इ. स. 1730 मध्ये जोधपूरच्या महाराजा अभयसिंहांच्या बांधकामासाठी चुना भाजावयास लाकूड हवे होते. सरकारी माणसे कुऱ्हाडी घेऊन खेजडली गावी आली. अमृतादेवी नावाच्या स्त्रीने झाडाला मिठी मारली, आणि तिचे मस्तक तुटले. तिच्या मुलींनी तेच केले. मग आसपासच्या गावांतून लोक येत गेले व एकेका झाडाला बिलगून प्राण देत गेले. असे 363 जण त्या दिवशी पडल्याचे सांगतात. वार्ता कळताच महाराजांनी तोड थांबविली आणि बिश्नोईंच्या गावांत हिरवे झाड तोडण्यास मनाई केली.

मुकाम येथे आजही वर्षातून दोनदा, आपल्या पंचांगाप्रमाणे माघ व भाद्रपद अमावास्येस, मोठी यात्रा भरते. इ. स. 1983 मध्ये राजस्थानने खेजडीस राज्यवृक्षाचा मान दिला. तेथील शेतकरी नांगर हाकताना खेजडीला वळसा घालतो आणि तिच्या बुंध्यापर्यंत बाजरी पेरतो.