नामदार गोखले व त्यांची सेवकांची शाळा

लोकांची सेवा करावयाची तर मनात कळकळ असली म्हणजे झाले, तिला शिक्षण कशास हवे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. सुताराचा मुलगा रंधा हाती धरण्यापूर्वी उमेदवारी करितो. पण गावच्या पंचायतीत, संस्थेच्या कमिटीत किंवा सरकारी कचेरीत शेकडो लोकांच्या सुखदुःखाचा कारभार हाती घेणारा मनुष्य बहुधा काही न शिकताच उभा राहतो. ही उणीव ज्यांच्या मनास फार बोचली आणि जी भरून काढण्यासाठी ज्यांनी आपल्या आयुष्याची शेवटली दहा वर्षे वेचली, त्या नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचा वृत्तांत आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

त्यांचा जन्म ता. ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक ह्या गावी झाला. वडील कागल येथे नोकरीस होते. गोपाळ तेरा वर्षांचा असता वडील वारले, तेव्हा थोरले बंधू गोविंदराव ह्यांनी शाळा सोडून पंधरा रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्याच्या शिक्षणास पाठविले. धाकट्यानेही त्या आठ रुपयांची किंमत ओळखली. तो हाताने स्वयंपाक करी, आणि तेल वाचावे म्हणून रस्त्यावरील दिव्याखाली बसून अभ्यास करी असे सांगतात. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. होऊन ते पुण्यास शिक्षक झाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पंचाहत्तर रुपये वेतनावर आपली उमेदीची वर्षे घालविली. एवढ्या बुद्धीच्या मनुष्यास वकिलीत किंवा सरकारी हुद्द्यावर ह्याच्या कितीतरी पट मिळाले असते.

पुण्यास त्यांस गुरू भेटले, ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. ही शिकवणी सोपी नव्हती. सरकारी अहवाल वाचावे, आकडे ताडून पाहावे, अर्ज लिहावा, तो गुरूंनी खोडावा, पुन्हा लिहावा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम त्यांनी ह्याच रीतीने शिकून केले. १८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास ते विलायतेस गेले, तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. रानडे ह्यांची शिकवण व गणेश व्यंकटेश जोशी ह्या शाळामास्तरांनी मोठ्या कष्टाने जुळविलेले आकडे ह्यांच्या बळावर त्यांनी उलटतपासणीतही हार खाल्ली नाही.

परंतु त्याच प्रवासात त्यांच्या हातून जी चूक घडली, तिची हकीकत जरा सविस्तर सांगितली पाहिजे. त्या वर्षी पुण्यात प्लेगचा कहर झाला होता. घरे तपासण्यास गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या नेमल्या होत्या, आणि त्यांच्या वागणुकीने लोक संतापले होते. सोजिरांनी दोन स्त्रियांची अब्रू घेतली अशा मजकुराची पत्रे गोखल्यांस विलायतेत पोहोचली. पत्रे लिहिणारी माणसे विश्वासाची होती. अंतःकरण पेटले, आणि शहानिशा न करिता त्यांनी ती गोष्ट मँचेस्टर गार्डियन पत्रातून जाहीर केली. मुंबई सरकारने ती साफ नाकारली. गोखले परत येऊन पुरावा शोधू लागले, तेव्हा एकही साक्षीदार पुढे येईना. पत्रलेखकांची नावे सांगून स्वतः मोकळे होणे शक्य होते. पण तसे न करिता सर्व दोष आपल्या अंगावर घेऊन त्यांनी गव्हर्नरांची व सोजिरांची जाहीर व बिनशर्त माफी मागितली. त्यावर आपल्याच लोकांनी त्यांस भित्रा म्हणून हिणविले. मुळात हळव्या स्वभावाच्या त्या पुरुषास हा घाव फार लागला. काही काळ सार्वजनिक कामातून अंग काढावे असेही त्यांच्या मनात आले. तथापि पुण्यात प्लेग पुन्हा उद्भवला तेव्हा ते स्वयंसेवक होऊन, सरकारी अंमलदारांच्या खांद्यास खांदा लावून, रोग्यांच्या दारोदार हिंडले.

कळकळ होती म्हणूनच ती चूक झाली, हे वाचकांनी ध्यानात आणावे.

पुढे ते मुंबईच्या व नंतर कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदे कौन्सिलात गेले. तेथील त्यांचे अंदाजपत्रकावरील १९०२ सालचे पहिले भाषण प्रसिद्ध आहे. खजिन्यात शिल्लक उरते ती सुबत्तेमुळे नव्हे, तर गरिबांवर कर जड आहे म्हणून, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखविले. त्यांनी व इतरांनी हा प्रश्न लावून धरिला. मिठावरील कर तेव्हा मणास अडीच रुपये होता. तो १९०३ साली दोन, १९०५ साली दीड व १९०७ साली एक रुपया झाला. खेड्यातल्या भाकरीबरोबरच्या मिठापर्यंत पोहोचलेले असे बोलणे थोडेच असते.

१९०३ साली धारवाडच्या सामाजिक परिषदेत त्यांनी अस्पृश्य मानलेल्या बांधवांविषयी भाषण केले. कुत्र्यामांजरास शिवण्याने विटाळ होत नाही, माणसास शिवण्याने मात्र होतो. आणि तोच मनुष्य ख्रिस्ती होऊन कोट घालून आला की त्याच्याशी हस्तांदोलन करितात, हा विपरीत न्याय त्यांनी आपल्याच समाजापुढे निर्भीडपणे मांडिला. आमच्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांस ह्या न्यायाची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागली नाही.

ता. १२ जून १९०५ रोजी सकाळी, फर्ग्युसन कॉलेजामागील टेकडीवर, गोखल्यांनी प्रथम स्वतः शपथ घेतली आणि मग नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर व अनंत विनायक पटवर्धन ह्या तिघांस ती दिली. हाच भारत सेवक समाज. सार्वजनिक कामास धर्मकार्याची निष्ठा लाविली पाहिजे हे त्याचे मूळ तत्त्व. सभासदाने सात वचने द्यावयाची होती. देशास मनात पहिले स्थान द्यावे, सेवेतून स्वतःचा लाभ पाहू नये, जात व धर्म न पाहता सर्व हिंदी लोकांस बंधू मानावे, समाज देईल तेवढ्या निर्वाहावर संतोष मानून स्वतःसाठी पैसा मिळवू नये, आचरण शुद्ध ठेवावे, कोणाशी वैयक्तिक भांडण करू नये, व समाजाचे हेतू सदा ध्यानात धरावे. भांडण न करण्याचे कलम वाचून हसू येईल. पण चांगली कामे पैशावाचून जितकी बुडत नाहीत तितकी मानापमानाने बुडतात, हे कोणत्याही कमिटीत दोन वर्षे बसलेल्या मनुष्यास विचारावे.

शपथेनंतर पाच वर्षे उमेदवारी. ह्या काळात नव्या सभासदाने सर्वस्वी गोखल्यांच्या देखरेखीखाली राहावे, ते नेमतील तो अभ्यास करावा, सांगतील ते काम करावे. काही काळ पुण्याच्या ग्रंथालयात इतिहास, अर्थशास्त्र व सरकारी अहवाल ह्यांच्या संगतीत जाई, काही देशभर प्रवासात. मने वळवावयाची ती माणसे आधी डोळ्यांनी पाहिली पाहिजेत, म्हणून प्रवास. आणि १८९७ सालची ती जखम आठवत असल्यामुळे की काय, तोंड उघडण्यापूर्वी पुरावा हाती असावा, म्हणून पुस्तके.

सभासद थोडे, बहुधा पदवीधर. शेतकऱ्याच्या किंवा महाराच्या मुलास ते दार उघडणे त्या काळी कठीणच होते, ही उणीव लपवू नये. तरी त्या थोड्यांनी केलेले काम पाहा. देवधरांनी १९०९ साली रमाबाई रानडे ह्यांच्यासह पुण्याचे सेवासदन उभारिले. नारायण मल्हार जोशी ह्यांनी १९११ साली मुंबईस सोशल सर्व्हिस लीग काढिली व पुढे गिरणी कामगारांची बाजू जन्मभर वाहिली. अमृतलाल ठक्कर मुंबई म्युनिसिपालिटीचे इंजिनिअर होते. ते १९१४ साली समाजात आले आणि १९२२ साली दाहोद येथे भिल्लांच्या सेवेस मंडळ स्थापून बसले. सरकार, गिरणीमालक, संस्थानिक, भिन्न धर्मांचे लोक, ज्याच्याशी जेवढे जुळेल तेवढे जुळवून काम पुढे न्यावे, ही रीत ह्या सर्वांत दिसते.

गोखल्यांस सर्वच साधले असे नाही. मुलांस सक्तीचे प्राथमिक शिक्षण द्यावे म्हणून त्यांनी १९११ साली आणलेला कायद्याचा मसुदा पुढल्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडला. १९१८ साली मुंबई इलाख्यातील म्युनिसिपालिट्यांस तसा कायदा मिळाला, तो पाहण्यास ते नव्हते.

मधुमेहाने शरीर पोखरले होते. जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी आफ्रिकेतून आले व पुण्यास गेले, तेव्हा समाजाच्या आवारात त्यांच्यासाठी भरविलेल्या मेळाव्यातच गोखल्यांस मूर्च्छा आली. गांधीजींनी समाजात यावे ही त्यांची फार इच्छा. परंतु आपल्या व गांधीजींच्या पद्धतीत अंतर आहे असे सभासदांपैकी काहींस वाटत होते, आणि गुरूंनी त्यांजवर जबरदस्ती केली नाही. ता. १९ फेब्रुवारी रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गोखले वारले. गांधीजी शांतिनिकेतनाहून तातडीने पुण्यास आले. आपल्या प्रवेशाने समाजात दोन तट पडतील हे पाहून त्यांनी आपला अर्ज आपणच परत घेतला, आणि श्रीनिवास शास्त्री अध्यक्ष झाले. वर्षभर देश पाहावा, सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नये, असे गोखल्यांनी त्यांस सांगून ठेविले होते. ते वर्ष गांधीजींनी आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाने हिंडून, अनवाणी पायांनी काढिले.