अपुऱ्या यंत्रांचा जनक

संगणकाचे जनक म्हणून चार्ल्स बॅबेज यांचे नाव घेतले जाते. मात्र त्यांच्या ७९ वर्षांच्या आयुष्यात त्यांचे एकही मोठे यंत्र पुरे झाले नाही. २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडनमधील सधन घरात जन्मलेल्या या गणितज्ञापाशी बुद्धी होती, पैसा होता, सरकारदरबारी वजनही होते. उणीव होती ती हातचा आराखडा एकदा कायम करून थांबण्याची.

१८२१ साली खगोलशास्त्रज्ञ मित्र जॉन हर्शेल यांच्यासमवेत आकडेमोडीची कोष्टके तपासताना चुकांमागून चुका निघू लागल्या आणि बॅबेज वैतागले. जहाजांचे मार्गक्रमण त्या काळी अशाच हाताने तयार केलेल्या कोष्टकांवर चाले. केवळ बेरजा करीत कोष्टके सिद्ध करणाऱ्या ‘डिफरन्स इंजिन’ची छोटी प्रतिकृती त्यांनी १८२२ मध्ये दाखविली आणि पुढल्याच वर्षी सरकारने १,५०० पौंड मंजूर केले.

यंत्राला सुमारे २५ हजार सुटे भाग लागणार होते. ते घडविण्याचे काम जोसेफ क्लेमेंट या निष्णात कारागिराकडे होते. १८३२ मध्ये यंत्राचा जेमतेम सातवा हिस्सा जुळला. तो निर्दोष चालेही. परंतु कारखाना बॅबेज यांच्या घराजवळ हलविण्यावरून १८३३ मध्ये वाद झाला, क्लेमेंटने कामगारांना रजा दिली आणि काम ठप्प झाले.

हा वाद मिटू शकला असता. पण १८३४ मध्ये बॅबेज यांना ‘अ‍ॅनालिटिकल इंजिन’ सुचले. छिद्रांच्या पत्त्यांवरून आज्ञा घेणारे, आकडे साठविणारे, हवे ते गणित करणारे यंत्र! नव्या कल्पनेपुढे जुने यंत्र त्यांना कालबाह्य वाटू लागले आणि हे त्यांनी सरकारलाही कळविले. जुने पुरे करायचे की नवे हाती घ्यायचे, या पेचात वर्षे गेली. सुमारे १७ हजार पौंड खर्चून १८४२ मध्ये सरकारने हात झटकले. दोष एकट्या सरकारला देणे अन्यायाचे ठरेल. घरी हौसेने जुन्या धर्तीचे संगणक जुळविणाऱ्यांना ही अवस्था अनोळखी वाटू नये.

त्याच सुमारास स्टॉकहोममध्ये जॉर्ज शॉइट्झ या प्रकाशकाने बॅबेज यांच्या यंत्राविषयीचा लेख वाचला. त्यांच्या विद्यार्थी मुलाने, एडवर्डने, घरीच साध्या हत्यारांनी लहानसे यंत्र उभे केले. पुढे त्यावरून झालेल्या मोठ्या यंत्राला १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. बॅबेज यांच्या आराखड्याची सफाई त्यात नव्हती, पण ते चालत होते. बॅबेज यांनी मत्सर न करता त्याचे मनापासून कौतुक केले, हे त्यांच्या तापट स्वभावाकडे पाहता विशेष.

१८४७ ते १८४९ या काळात त्यांनी दुसरे डिफरन्स इंजिन रेखाटले. अनुभवाने हात आवरता झाला होता. भाग अवघे आठ हजार. १८५२ मध्ये सरकारने नकार दिला आणि आराखडे कागदावरच राहिले. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी लंडनमध्ये बॅबेज निवर्तले.

लंडनच्या सायन्स म्युझियमने १८८५ नव्हे, तर तब्बल शतकानंतर, १९८५ मध्ये ते आराखडे बांधायला घेतले. भाग मुद्दाम एकोणिसाव्या शतकात साधेल इतक्याच अचूकतेचे ठेवले. रेखाटनांतल्या काही चुका दुरुस्त कराव्या लागल्या. १९९१ मध्ये, बॅबेज यांच्या द्विशताब्दीच्या वर्षी, यंत्राने ३१ अंकी गणित बिनचूक केले. छपाईचा भाग जोडून ते पुरे व्हायला २००२ साल उजाडले.