क्लॅरेन्स बर्ड्सआय

वैशाखात आमच्या कळंब गावी सकाळचे वरण सायंकाळपर्यंत टिकत नाही, हे येथील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. परंतु ज्या घरी फ्रीज आहे, तेथे पौषात सोललेले तुरीचे सोले ह्याच वैशाखात ताटात पडू शकतात. ही सोय ज्यांच्या खटपटीमुळे जगास लाभली, त्या अमेरिकन गृहस्थांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

क्लॅरेन्स बर्ड्सआय यांचा जन्म ९ डिसेंबर १८८६ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. बालपणापासून त्यांस पशुपक्ष्यांचा मोठा नाद. अॅमहर्स्ट कॉलेजातील शिक्षण पैशाअभावी अर्धवट सोडावे लागले, तेव्हा ते सरकारी नोकरीत वन्य प्राण्यांची पाहणी करू लागले. १९१२ साली ते उत्तर अमेरिकेच्या ईशान्य टोकाकडील लाब्राडोर ह्या हिममय प्रदेशी गेले. तेथे डॉ. विल्फ्रेड ग्रेनफेल हे मिशनरी वैद्य कोळ्यांची सेवा करीत असत. त्यांच्या सहवासात काही काळ राहून बर्ड्सआय यांनी पुढे कोल्ह्यांच्या कातड्यांचा व्यापार मांडला.

तेथील इन्युइट लोक बर्फास भोक पाडून मासे धरीत. उणे ४० अंशांच्या वाऱ्यात मासा बाहेर येताच दगडासारखा होई, आणि महिन्यांनी शिजविला तरी ताज्यासारखा लागे. हे पाहणारे पूर्वीही पुष्कळ असतील. कारण शोधणारे बर्ड्सआय निघाले. १९१६ मध्ये पत्नी एलिनॉर व तान्हे मूल तेथे राहावयास आले. त्यांस भर हिवाळ्यात हिरवी भाजी कोठून मिळावी? त्यांनी पिंपात मिठाच्या पाण्यासह कोबीची पाने घालून ती गोठविली. विद्येच्या हौसेइतकीच बापाची काळजीही ह्या शोधामागे होती, असे आम्हांस वाटते.

कारण असे आढळले. अन्नातील पाणी सावकाश गोठले म्हणजे बर्फाचे मोठे स्फटिक होऊन पेशी फाटतात, आणि वितळताना भाजीचा लगदा होतो. झपाट्याने गोठल्यास स्फटिक बारीक राहतात. आमच्या घरच्या फ्रीझरमध्ये लाब्राडोरचा वारा नाही. म्हणून जिन्नस लहान, चपट्या पिशव्यांतून, हवा काढून ठेवावा, म्हणजे थंडी आतवर लवकर पोचते. सोले किंवा मटार आधी दोनएक मिनिटे उकळत्या पाण्यात व लगेच गार पाण्यात टाकावे. नाहीतर गोठूनही रंग व चव हळूहळू जाते. थंडी उणे १८ अंश असावी. मात्र थंडीने सारे जंतू मरत नाहीत, ते निजून राहतात व ऊब मिळताच जागे होतात. यास्तव मांस ओट्यावर न ठेवता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवावे, आणि ओट्यावर वितळून पडलेले पुन्हा गोठवू नये. वीज गेली असता दार उघडू नये. पूर्ण भरलेला स्वतंत्र फ्रीझर बंद राहिल्यास सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. फ्रीजमधील लहान कप्प्यावर इतका भरवसा टाकू नये, उन्हाळ्यात तर मुळीच नव्हे.

मायदेशी परतल्यावर बर्ड्सआय यांनी न्यूयॉर्क येथे गोठविलेल्या माशांची कंपनी काढली. ती लौकरच बुडाली. सावकाश गोठविलेले बेचव मासे खाऊन लोक विटले होते, ते ह्या नव्या मालास हात लावीनात. तथापि पुढे मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर बंदरी त्यांनी दुसरी कंपनी उभारली. तेथे खोक्यात भरलेले मासे अतिथंड धातूच्या पृष्ठांमध्ये दाबून गोठविणारे यंत्र सिद्ध झाले. १९२९ मध्ये हा सारा व्यवसाय व त्याचे हक्क सुमारे २ कोटी २० लाख डॉलरांस विकले गेले. ६ मार्च १९३० रोजी स्प्रिंगफील्डच्या दुकानांतून मासे, मांस, मटार व फळे विक्रीस आली. दुकानदारांजवळ माल ठेवावयास थंड कपाटे नव्हती, तीही पुरवावी लागली.

एवढे धन मिळूनही हा मनुष्य स्वस्थ बसला नाही. उतारवयात ते पेरू देशी जाऊन उसाच्या चिपाडांपासून कागदाचा लगदा करण्याच्या खटपटीत होते. ७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्क येथे ते वारले. त्यांची रक्षा ग्लॉस्टरजवळच्या समुद्रात सोडण्यात आली.