पूर्वजांच्या शिलेदारीचे कागद राखणारे कै. वासुदेवशास्त्री खरे

लोणंदच्या आसपासच्या गावांतून फौजेत जाण्याची चाल फार जुनी आहे. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) गेलेल्यांची पदके व पेन्शनचे कागद काही घरांच्या ट्रंकांतून अजून सापडतात. परंतु त्यामागील पिढ्यांचे काय, असे विचारले की आमचे खापरपणजोबा खर्ड्याच्या लढाईत होते, इतकेच उत्तर मिळते. पुढे पुरावा नाही. असा पुरावा ज्यांच्यामुळे शोधता येतो, त्या थोर पुरुषाचे चरित्र आपल्या भागातील मंडळींना ठाऊक असावे, म्हणून येथे थोडक्यात देत आहोत.

वासुदेव वामन खरे यांचा जन्म १८५८ साली कोकणात गुहागर येथे झाला. घरची स्थिती बेताची. संस्कृत विद्येच्या ओढीने ते घाट चढून साताऱ्यास आले व तेथे अनंताचार्य गजेंद्रगडकर यांच्या पायाशी बसून त्यांनी अध्ययन केले. पुढे काही काळ पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवून ते मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक म्हणून गेले आणि कायमचे मिरजकर झाले. त्यांनी काव्य लिहिले, नाटकेही लिहिली, आणि ती रंगभूमीवर आली. १८९२ साली त्यांनी नाना फडणवीसांचे चरित्र प्रसिद्ध केले. एवढ्यावरही त्यांचे नाव राहिले असते.

पण मिरज म्हणजे पटवर्धन सरदारांचे ठाणे. मिरज, सांगली, तासगाव, जमखिंडी, कुरुंदवाड अशा या घराण्याच्या शाखा. पेशव्यांच्या दक्षिणेकडील स्वाऱ्यांचा मोठा भार यांच्याच पथकांवर असे. स्वारीत असलेले सरदार व त्यांचे कारकून छावणीतून घरी पत्रे पाठवीत. मुक्काम कोठे पडला, दाणावैरण मिळाली की नाही, कोण जखमी झाले, कोण ठार झाले, अशा बातम्या या पत्रांत असत. ही पत्रे रुमालांत बांधून वाड्यांतून पडून होती. जमिनीची सनद मनुष्य जिवापाड जपतो, कारण तिच्यावर पोट असते. १८५२ नंतर इनाम कमिशनपुढे तर ज्याच्याजवळ कागद त्याचेच इनाम, अशी पाळी आली. छावणीतल्या पत्राने मात्र कोणाचे एक बिघाही वाढत नव्हते. त्याला वाली वाळवी आणि उंदीर.

शास्त्रीबुवा काही पटवर्धनांच्या कुळातले नव्हते. तरीही शाळेची नोकरी सांभाळून त्यांनी हे मोडी दप्तर वाचावयास घेतले. मोडी पत्रावर पुष्कळदा चंद्र आणि वार असतो, पण साल नसते. मजकुरातील मनुष्ये व मुक्काम ताडून त्याचे साल ठरवावे लागते. ज्यांनी कचेरीत जुने दप्तर लावले आहे त्यांनाच हे काम किती चिवट असते ते कळेल! १८९७ पासून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापण्यास आरंभ केला. पत्रे कालानुक्रमाने लावून प्रत्येक प्रकरणाच्या आधी त्या वेळची हकीकत त्यांनी स्वतः लिहिली. पानिपतानंतरची चाळीसएक वर्षे त्यांत डोळ्यांपुढून जातात.

त्यांतील गोष्टी सर्वच अभिमानाने सांगण्याजोग्या नाहीत. १७७७ साली सावशीच्या लढाईत हैदराच्या फौजेने पटवर्धनांचा मोड केला. कोन्हेरराव पडले, पांडुरंगराव पाडाव झाले व श्रीरंगपट्टणास कैदेतच वारले. १७९५ साली खर्ड्यास जय मिळाला, पण तेथेही परशुरामभाऊ जखमी झाले, आणि १७९९ मध्ये पट्टणकुडीच्या लढाईत कोल्हापूरकरांशी लढताना त्यांचा अंत झाला. पगार तुंबल्यामुळे फौजेत कुरबुर, सरदारांची आपसांतील भांडणे, हेही कागदांत आहेच. संस्थानिकांच्या गावी राहून, त्यांच्याच घरचे दप्तर छापताना शास्त्रीबुवांनी पराभवाचे कागदही छापले, ही गोष्ट लहान नाही.

आपला पूर्वज यांत शोधावयाचा तर तो कोणत्या सरदाराच्या पथकात होता व कोणत्या स्वारीत गेला, हे आधी घरातील वडीलधाऱ्यांकडून काढावे, कारण ग्रंथ सालवारीने लावलेले आहेत. शिलेदाराचा, म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस गेलेल्याचा, उल्लेख मिळण्याचा संभव अधिक. सरकारी घोड्यावर बसणाऱ्या बारगिराचे नाव क्वचितच येते. शिवाय नुसते आडनाव जुळले म्हणून तो आपलाच असे धरू नये. पेशव्यांच्या सरकारचे कागद पुण्यास पेशवे दप्तरात आहेत. इंग्रजी अमलातील मराठा पलटणीच्या शिपायासाठी मात्र बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडे पलटणीचे नाव व शिपायाचा नंबर कळवून विचारावे लागते.

शास्त्रीबुवांच्या हातून लेखसंग्रहाचे बारा भाग झाले. १९२४ च्या जून महिन्यात मिरजेस त्यांचे निधन झाले, तेव्हा दप्तरातील कागद संपले नव्हते. त्यांचे चिरंजीव यशवंतराव यांनी पुढील भाग छापून काढले.