नांगर आणि पंपाआधी किर्लोस्करांनी सायकली का विकल्या? वाचा लक्ष्मणरावांची गोष्ट

बुलढाणा जिल्ह्यात सायकल आणि चढ यांचं जुनं वैर. मलकापूर, नांदुरा, शेगाव या घाटाखालच्या सपाट पट्ट्यात कितीही पायडल मारा, काही वाटत नाही. पण मोताळ्याकडून बुलढाण्याला वर यायचं म्हटलं की राजूर घाटात उतरून सायकल हातात धरावी लागते आणि परतीच्या उतारावर सगळी भिस्त ब्रेकच्या चार रबरांवर असते.

म्हणूनच वर्षानुवर्षं एकच सायकल वापरणाऱ्या माणसाला तिचा आवाज कळतो. चेन कुठे घासते, मागच्या चाकाचा कोणता स्पोक सैल झालाय, सीट अर्धा इंच खाली गेली की गुडघा कसा दुखतो, हे त्याला न पाहता सांगता येतं. दुसऱ्याच्या सायकलवर बसवलं की तोच माणूस पहिली शंभर पावलं डगमगतो.

याच जिल्ह्यात विहिरीवरच्या पंपावर किंवा डिझेल इंजिनवर अनेकांनी एक नाव वाचलेलं असतं : किर्लोस्कर. हे नाव पंपावर येण्याच्या कितीतरी आधी, १८८८ मध्ये, बेळगावातल्या एका सायकलच्या दुकानाच्या पाटीवर आलं होतं. माणूस आणि त्याचं यंत्र यांच्यातल्या नात्याचा पहिला धडा लक्ष्मणराव किर्लोस्करांनी त्या दुकानात घेतला. पुढे लोखंडी नांगर विकताना तोच धडा त्यांना उलट्या बाजूने शिकावा लागला.

चित्रकार व्हायला निघालेला मुलगा

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या आणि या मुलाच्या डोक्यात यंत्रं आणि रंग. शाळेच्या अभ्यासात त्याचं मन रमलं नाही. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले.

तिथे सुमारे दोन वर्षांनी लक्षात आलं की त्यांना काही रंगांमधला फरक नीट दिसत नाही. चित्रकाराला यापेक्षा मोठा धक्का कोणता? रंग सुटले, पण रेषा सुटली नाही. यंत्रांची चित्रं काढायला रंग लागत नाहीत, लागतो तो अचूक हात. नुकत्याच सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते यांत्रिक रेखाचित्रं शिकवू लागले. उरलेल्या वेळात संस्थेच्या वर्कशॉपमध्ये यंत्रं उघडायची, जोडायची आणि परदेशी तांत्रिक मासिकं वाचायची. इंजिनीअरिंगची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. आजच्या भाषेत, त्यांची सगळी चार वर्षं प्रॅक्टिकलमध्येच गेली.

मग सायकल कुठून आली?

मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी एक माणूस सायकल चालवताना पाहिला. दोन चाकं, आधार कशाचाच नाही, तरी माणूस पडत नाही. हे यंत्र त्यांच्या मनात बसलं. भावांनी ठरवलं की लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली खरेदी करायच्या, बेळगावला पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या तिथे विकायच्या. दुकानाचं नाव ‘किर्लोस्कर ब्रदर्स’.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. किर्लोस्करांनी सायकल बनवली नाही. ते परदेशी सायकली विकत आणि दुरुस्त करत. पण तेव्हाची सायकल आजच्यासारखी यंत्रमानवाने वेल्डिंग केलेली नसे. पोलादी नळ्या कापायच्या, जोडावर खोबणी बसवायची, भट्टीवर तापवून त्यात पितळ वितळवायचं आणि सांधा थंड झाला की कानशीने घासायचा. हे सगळं कारागिराच्या हाताने होई. एकाच कारखान्याच्या दोन सायकलींमध्येही उन्नीस-बीस फरक राहायचा. जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’, म्हणजे दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला चेन असलेली सायकल, १८८५ मध्ये आली होती. डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं ते १८८८ मध्येच. त्यामुळे त्या काळातल्या बहुतेक सायकलींना भरीव रबर असे आणि रस्त्यातला प्रत्येक दगड थेट कण्यापर्यंत पोहोचायचा.

आणि चाक! स्पोक जाडीला जेमतेम दोन मिलिमीटर. तो काडीसारखा खाली उभा राहून वजन पेलत नाही, दोरीसारखा ताणून राहतो. सगळे स्पोक सारखे ताणलेले असले तरच रिम गोल राहते. एक सैल झाला की चाक वाकडं पळतं. ‘आऊट काढणे’ हे काम मिस्त्री आजही बोटांनी आणि कानाने करतो. स्पोकवर नख मारायचं, आवाज ऐकायचा, चावी पाव फेरा फिरवायची. १८८८ च्या बेळगावात ही चावी फिरवणारे किती हात असतील, याची कल्पना करा.

१५ रुपये फी कशाची?

बेळगावच्या दुकानातल्या सायकलची किंमत ७०० ते १००० रुपयांपर्यंत नोंदलेली आहे. कारकुनाचा महिन्याचा पगार काही दहा रुपयांत मोजला जायचा, तेव्हाची ही किंमत. म्हणजे ग्राहक कोण, तर संस्थानिक, सरकारी अधिकारी, बडे वकील-डॉक्टर. पण पैसे मोजले म्हणून सायकल चालवता येत नाही. घोडा निदान स्वतः तोल सांभाळतो. हे लोखंडी जनावर बसल्याबरोबर मालकाला खाली टाकायचं.

त्यामुळे दुकानात सायकल शिकवण्याचीही सोय होती. फी १५ रुपये. वरवर पाहता हा जोडधंदा. खरं तर धंद्याचा कणाच तो होता. ज्याला चालवता आली नाही, त्याची सायकल पडवीत गंजणार आणि ती पाहून शेजारी दुसरी घेणार नाही. ज्याला आली, तो चाक वाकडं झालं की परत त्याच दुकानात येणार. सीट त्याच्या उंचीला बसवायची, हँडल त्याच्या हाताला आणायचं, पडला तर उचलायचं आणि पुन्हा बसवायचं. इंग्लंडमधल्या कारागिराने कोणा अनोळखी माणसासाठी घडवलेली वस्तू अशी हळूहळू बेळगावच्या एका माणसाची होत असे.

तोल कसा सांभाळायचा, हे शब्दांत सांगता येत नाही. हाफ पायडल करत, गुडघे फोडून शिकलेल्या कोणालाही हे पटेल. यंत्र विकायचं तर आधी ते माणसाच्या अंगात उतरवावं लागतं, हे किर्लोस्करांच्या घरात तेव्हापासून मुरलं असावं.

नोकरी गेली, नांगर आला

मुंबईतल्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला जागा मिळाली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. आधी कडबा कापण्याचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर.

इथे गोष्ट उलटली. सायकल कोणी पाहिलेलीच नव्हती, त्यामुळे तिला नाकारण्याचं कारणही नव्हतं. नांगराचं तसं नव्हतं. शेतकऱ्याचा लाकडी नांगर गावच्या सुताराने केलेला असे, त्या शेतकऱ्याच्या उंचीला, त्याच्या बैलजोडीच्या ताकदीला आणि त्या गावच्या मातीला बेतून. मोडला तर संध्याकाळपर्यंत जोडून मिळायचा, मोबदला सुगीच्या बलुत्यात. राजूर घाटातल्या माणसाची सायकल त्याला जितकी ओळखीची, तितकाच तो नांगर मालकाला. ते सोडून कारखान्यातलं लोखंड शेतात घाला, असं सांगणारा हा कोण?

लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. ही गोष्ट सांगताना शेतकऱ्यांच्या अंधश्रद्धेला हसून पुढे जाण्याची पद्धत आहे, पण ते अर्धसत्य आहे. ओतीव लोखंड, म्हणजे बीड, ठिसूळ असतं. दगडावर आपटून तुटलं तर गावचा लोहार ते तापवून ठोकून सांधू शकत नाही. नांगर जड, बैल तेच, किंमत रोखीत. ऐन हंगामात भाग तुटला आणि सुटा भाग मिळाला नाही तर पेरणी चुकणार आणि घर वर्षभर उपाशी राहणार. ‘विष’ या शब्दात ही भीतीसुद्धा असावी.

बुलढाण्याच्या काळ्या जमिनीला ही गोष्ट परकी नाही. इथे मशागतीचं मुख्य अवजार वखर, पेरणीला तिफण. पण हराळी किंवा कुंदा एकदा खोलवर गेला की वखराचं पास वरवर फिरतं आणि मुळं खाली तशीच राहतात. तिथे खोल जाणारा लोखंडी फाळच लागतो. ज्याने तो एकदा चालवून पाहिला, त्याला दुसऱ्या कोणी पटवून द्यावं लागलं नाही. अडचण पहिल्या तासाची होती, जशी सायकलला पहिल्या शंभर पावलांची.

निवडुंगाच्या माळावर

नांगर खपू लागले तोच बेळगावच्या नगरविस्तारात कारखान्याची जागा गेली. लक्ष्मणरावांचं वय तेव्हा चाळिशीचं, हातात मशिन आणि माणसं, पाय ठेवायला जागा नाही. त्यांना ओळखणाऱ्या औंधच्या संस्थानिकांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, बिनव्याजी कर्ज दिलं आणि कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ सुमारे ३२ एकर माळरानही. निवडुंग आणि नाग यांचं ते राज्य. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे आणि स्थानकाचं नावही किर्लोस्करवाडीच.

सोबत मोजके कामगार आणि त्यांची कुटुंबं होती. वसाहतीचा कारभार रामूअण्णांनी पाहिला, म्हणजे सायकलच्या दुकानातली जोडी इथेही टिकली. अवजारांवर काम करणारे अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले. पहाऱ्यावर नेमलेल्यांमध्ये गुन्हेगारीतून बाहेर पडलेली माणसंही होती. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळाल्या आणि वितळून त्यांचे नांगर झाले. पुढे पंप, इंजिनं, यंत्रं अशी यादी वाढत गेली. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ लिमिटेड कंपनी झाली. नाव दुकानाचंच राहिलं.

लक्ष्मणरावांचं निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झालं. त्याच वर्षी लुधियानात हीरो सायकल्सची सुरुवात झाली आणि एकेकाळी वकील-डॉक्टरांनाच परवडणारं ते वाहन पुढच्या काही दशकांत दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या दारात उभं राहिलं. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने लक्ष्मणरावांचं तिकीट काढलं.

आता बुलढाण्यात काय दिसतं?

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकल मिळते. ती कारखान्याची, हजारोंसारखी एक. पण दुकानात ती खोक्यातून सुट्या भागांत येते. मिस्त्री चाकं बसवतो, रिम फिरवून आऊट काढतो, चेनचा ताण पाहतो. मग मुलीला शेजारी उभं करतो, सीटची नळी तिच्या कमरेपर्यंत आणतो, पान्याने आवळतो आणि एकदा बसून बघ म्हणतो. ती पाय टेकवून पाहते. बहुतेक वेळा नळी अजून बोटभर खाली घ्यावी लागते.