सरखेल कान्होजी आंग्रे

श्रींच्या जीर्णोद्धाराच्या या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे, अशी समितीची सूचना आली. गाव समुद्रकाठचे, तेव्हा पहिले नाव आठवले ते कान्होजींचे.

आंग्र्यांचे मूळ आडनाव संकपाळ. पुणे प्रांतातील आंगरवाडीवरून आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या पदरी होते. कान्होजींचा जन्म 1669 च्या सुमाराचा.

1689 साली संभाजी महाराजांची क्रूर हत्या झाली, रायगड पडला आणि राजाराम महाराज जिंजीस गेले. औरंगजेबाची अफाट फौज घाटावर पसरली, तर समुद्राच्या बाजूने बादशहाचा पक्षपाती जंजिऱ्याचा सिद्दी कोकणातले किल्ले गिळू लागला. सुवर्णदुर्गाचा किल्लेदारच सिद्दीला फितूर होऊ लागला, तेव्हा तरुण कान्होजींनी त्याला बाजूस सारून किल्ला झुंजविला, अशी हकिकत सांगतात. 1698 साली सिधोजी गुजर वारले व आरमाराची सरखेली कान्होजींकडे आली. कुलाबा हे त्यांचे मुख्य ठाणे झाले.

लढाई तलवारीने होते तशी वसुलीनेही होते, हे कचेरीत जमाखर्च लिहिणाऱ्याला लवकर कळते. ज्याचे आरमार त्याची बंदरे, आणि ज्याची बंदरे त्याची जकात. कान्होजींचा दस्तक घेतल्याशिवाय व्यापारी गलबताने किनाऱ्याने जाऊ नये, असा त्यांचा दंडक होता. घाटावर बादशहा एकेक गड घेत होता, पण त्याच गडांखालचा समुद्र त्याला कधी हाती आला नाही. 1707 साली तो अहमदनगरास मेला.

मग घरातच दुही माजली. कान्होजी ताराराणींच्या बाजूचे. शाहू महाराजांनी पाठविलेल्या बहिरोपंत पेशव्यांना त्यांनी कैद केले व लोहगड घेतला. किनारा एकीकडे, घाट एकीकडे, अशी वेळ आली होती. ती टळली ती बाळाजी विश्वनाथांमुळे. 1713-14 साली त्यांनी कान्होजींशी तह केला. सरखेली, दहा जलदुर्ग व सोळा भुईकोट-गड कान्होजींकडे राहिले, आणि बहिरोपंत सुटले. माझ्या मते बाळाजीपंतांचे हे काम मोठ्या लढाईच्या तोडीचे आहे.

त्याचे फळ 1721 साली दिसले. इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. किल्ला दाद देईना. त्यातच बाजीराव पेशवे घोडदळ घेऊन घाट उतरले. पोर्तुगिजांनी परस्पर तह केला आणि इंग्रज हात हलवीत मुंबईस परतले.

4 जुलै 1729 रोजी कान्होजी वारले. अलिबागेस त्यांची समाधी आहे. पुढे मुलांत भांडणे लागली. 1756 साली तर पेशव्यांनीच इंग्रजांची मदत घेऊन तुळाजी आंग्र्यांचा पाडाव केला आणि विजयदुर्गाच्या बंदरात ते आरमार जळाले. 1775 साली राघोबादादांच्या मदतीस निघालेली इंग्रजांची पलटण मुंबईहून जहाजांत बसून सुरतेस बिनघोर उतरली.