उन्हात लांबणारी साखळी

मे महिन्यात वरणगावच्या उन्हात लोखंडी पट्टी किंचित लांबते आणि माप कमी दाखवते. हे ध्यानात ठेवून देश मोजायला निघालेले सर्वेक्षक म्हणजे विल्यम लॅम्बटन. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्यांनी शंभर फुटी पोलादी साखळीने सुमारे साडेसात मैलांची पायारेषा मोजली. तापमान २० अंशांनी वाढले, तर अशी साखळी सुमारे ७ मिलिमीटर लांबते. पूर्ण रेषेत चूक पावणेतीन मीटरांवर जाते. म्हणून साखळीवर तंबूची सावली धरून, तापमापक पाहून मापे दुरुस्त केली जात. पुढचे सारे त्रिकोण याच रेषेवर उभे राहणार होते. वीस वर्षे हे काम करून, सत्तरीच्या घरात असताना, १८२३ मध्ये हिंगणघाटला त्यांचे निधन झाले. मोजणी मात्र हिमालयापर्यंत पोहोचली.